डाव्या पिळाची पेंढी

आटगावच्या गवताच्या वखारीत मी काट्यावर बसायचो. बायका माळावरून गवत कापून आणायच्या, मी वजन करायचो, ट्रक मुंबईला जायचा. बहुतेक माल म्हशींच्या तबेल्यांना, पण आठवड्याला एक ट्रक रेसच्या घोड्यांचा. त्या ट्रकाचे नखरे फार. गवत माळावरचंच हवं, गावालगतचं चालत नाही. प्रत्येक पेंढी माझ्यासमोर सोडायची, उलटी धरून आपटायची, भलतंसलतं झुडूप आलंय का बघायचं आणि पुन्हा बांधायची. शेवटी कागदावर माझी सही, की माल झाडलेला आहे. बायकांना वाटायचं, नथू मुद्दाम छळतो. थोडा छळायचोही.

फक्त सरूच्या पेंढ्या मी झाडत नसे. तानसाच्या बाजूच्या वाडीतली ही बाई वीस वर्षं गवत कापत होती, आणि तिच्या पेंढीत कधी काडी वाकडी निघाली नव्हती. ती डावखुरी. गवताचाच बंद वळून पेंढी बांधतात, तो बाकी सगळ्यांचा उजवीकडे वळलेला, हिचा डावीकडे. हजार पेंढ्यांत हिची ओळखू यायची. तिच्या पेंढ्या सोडायला लावणं म्हणजे तिचा अपमान, असं मी चारचौघांत म्हणायचो. खरं सांगायचं तर मला तेवढाच आराम.

सरूचा धाकटा भाऊ दिनेश त्याच रेसच्या तबेल्यात मोतद्दार होता. आई लवकर गेली, तेव्हा सरूनंच त्याला पाठीशी बांधून गवत कापलं होतं. त्याच्याकडे एक तांबूस घोडी होती. तिला खरारा करणं, चारणं, फिरवणं सगळं तोच करायचा. वाडीत तो पहिलाच, ज्याच्या गळ्यात फोटोवाला पास होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत ती घोडी जिंकली. जिंकलेल्या घोड्याचं मूत बाटलीत धरून तपासायला पाठवतात, हे मला तेव्हा कळलं. आधी मला ती चेष्टाच वाटली. पण तपासात धोतऱ्यात असतं ते बंदीचं औषध निघालं, जिंकणं रद्द झालं आणि दिनेशचा पास काढून घेतला. त्यानंच काहीतरी चारलं असणार, असं तिथले लोक म्हणू लागले.

फेब्रुवारीत तबेल्याचे डॉक्टर जीप घेऊन वखारीत आले. पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी पिशवीतून एक पेंढी काढून माझ्या काट्यावर ठेवली. आत धोतऱ्याची वाळलेली पानं होती आणि एक काटेरी बोंड.

"तबेल्याच्या माळ्यावर मिळाली," ते म्हणाले. "हिरवा धोतरा घोडं तोंडात धरत नाही, पण वाळून गवतात मिसळला की खाऊन जातं. दिनेशला विचारलं, ही पेंढी कोणाची. तो म्हणतो, ठाऊक नाही."

मी बंद बघितला. डावा पीळ. त्या पोराला ठाऊक नव्हतं? अख्ख्या ट्रकातून बहिणीच्या पेंढ्या शोधून तोच आपल्या घोडीपुढे टाकायचा!

"सोमवारी चौकशी आहे," डॉक्टर म्हणाले. "धोतरा गवतातूनच आला असेल, तर पोराचा दोष नाही. पण तुमची सही आहे. इथून पेंढी झाडूनच निघाली असेल, तर धोतरा तिकडे कोणीतरी नंतर घातला, असा अर्थ होतो. मग त्याचा पास कायमचा गेला. नीट आठवून सांगा. झाडली होती?"

"झाडली होती," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो, की माझं मलाच खटकलं.

पलीकडे बायका गंजी रचत होत्या. सरू हात पुसत पुढे आली. पेंढी बघून तिनं डॉक्टरांना सांगितलं, "माझी हाय. गोठणीवरचा गवत हाय ह्यो."

"गोठणीवरचं?" मी ओरडलो. गावची गुरं दुपारी जिथं बसतात त्या जागेला गोठण म्हणतात. तिथं शेणखत मुरलेलं, त्यामुळे गवत मऊ आणि लांब. आणि धोतराही तिथंच माजतो. म्हणून तर ते गवत रेसला वर्ज्य.

"माळावरचा गवत यंदा राठ व्हता, नथूभाऊ. दिन्याची घोडी रेसला जायची. म्हटला, तिला जरा बरा घालावा. अंधार पडत आलेला, घाईत कापला."

डॉक्टर म्हणाले, "पण हे म्हणतात, पेंढी झाडली होती."

सरूनं माझ्याकडे पाहिलं. तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या पेंढीला मी कधी हातही लावला नव्हता. पण खरं सांगितलं तर वखारीतलं माझं काम जाईल, हेही तिला ठाऊक होतं, आणि घरची माझी माणसंही.

"नथूभाऊ म्हंतात तर झाडली असंल," ती सावकाश म्हणाली. "मंग मीच मागून घातला असंल. माझ्या नावावर लिवा. पोराला सोडा."

मला तिचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. आधी कुठलं, ते आजही सांगता येणार नाही. मी काट्यावरून उठलो.

"नाही झाडली," मी म्हणालो. "हिची एकही पेंढी मी कधीच झाडली नाही. सही खोटी आहे. लिहा."

डॉक्टरांनी लिहून घेतलं, खाली माझी सही हवी म्हणाले. मी केली. वखारवाल्यानं मला पुढचा अख्खा हंगाम काट्यावरून काढून गंजीवर घातलं. जिंकलेली रेस काही परत मिळाली नाही. दिनेशला पास मिळाला. घोडी मात्र दुसऱ्या मोतद्दाराकडे गेली होती. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, मी पुन्हा काट्यावर बसलो. पहिली पेंढी सरूची. मी बंद बघितला आणि थांबलो. उजवा पीळ होता, सैल, नवशिक्या पोरीनं बांधावा तसा.

"हे काय गो?"

"आता दिन्याला कलाया नको, कंची माझी," ती म्हणाली. "सगल्यांसारखी जाऊ दे."

मी पेंढी सोडली. उलटी धरून तीनदा आपटली. खाली नुसती धूळ पडली. मग ती तिच्या हातात देत मी म्हणालो, "झाडली. आता तुझ्या पिळानं बांध."