उघडं झाकण आणि पिवळी जाळी

मित्रांनो, तुम्ही खाली बघून चालणारे असाल, तर कुठल्यातरी इमारतीच्या आवारात माझ्या एखाद्या भावंडावर पाय ठेवून नक्की गेला असाल. मी जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण. आता गंजलोय, माझी एक कडी तुटली आहे, आणि स्वभाव म्हणाल तर पहिल्यापासून जळका. तो लपवून आत्मवृत्त सांगण्यात काय अर्थ?

माझा जन्म १९८८ सालचा, भाईंदरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. जेसल पार्कच्या बाजूला नवी चार मजली इमारत उभी राहिली होती. गिरगाव-लालबागकडची बिऱ्हाडं तिथे राहायला आली. जागा मोठी मिळाली, पण नळाला करंगळीएवढी धार. मग आठवड्यातून दोनदा टँकर येई, टाकी भरे, आणि ते मोलाचं पाणी माझ्या राखणीत राही. मला उचलायला दोन बाप्ये लागत. सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथकाका आल्यागेल्याला सांगत, "हत्तीने पाय दिला तरी वाकणार नाय हे!" ते ऐकून मी फुगून जात असे.

पण ज्या वजनाचा मला तोरा, तेच वजन नडलं. टँकर आला की दोघं मला उचलत आणि भिंतीला टेकवून ठेवत. टाकी भरली की सगळे आपापल्या बादल्या घेऊन पळत. मला परत जागेवर ठेवायचं कोणी? जो तो म्हणे, दुसरा ठेवील. टाकीचं तोंड तासन्‌तास उघडं राही आणि मी भिंतीशी उभा राहून उन्हं खात असे.

१९९२ सालच्या एका दुपारी तीन वर्षांचा पिंटू टाकीत वाकून बघू लागला. त्याची चप्पल पायातून सुटली आणि पाण्यात पडली. तिच्या मागोमाग तोही गेला असता, पण त्याची नऊ वर्षांची बहीण ममता धावली आणि तिने त्याचा सदरा मागून धरला. मी चार हातांवर होतो. राखणदार म्हणवणारा मी, बघत राहिलो.

त्यानंतर बालवाडीच्या उर्मिलाताईंनी सगळ्यांना आवारात बोलावलं. "भाषणं नकोत," त्या म्हणाल्या. "तीन रविवार एकत्र बसू. बाया, बाप्ये, पोरं, सगळे. उपाय आपणच शोधायचा आणि आधी पुठ्ठ्याचा करून बघायचा."

पहिल्या रविवारी त्यांनी थोरामोठ्यांना गुडघ्यांवर चालायला लावलं. पिंटूच्या उंचीवरून आवार कसं दिसतं ते बघा म्हणाल्या. लेंगा सावरत पंढरीनाथकाका रांगत रांगत टाकीच्या तोंडाशी आले आणि तिथेच थबकले. "अरे, इथून तर आतलं पाणी चकाकतंय," ते म्हणाले. "पोर जाणारच की बघायला!"

मग एकेकाने उपाय कागदावर काढला आणि कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लावला. काकांच्या कागदावर मी होतो, वर हे भलंमोठं कुलूप! मी मनात म्हटलं, शाब्बास. पण ममताने हात वर केला.

"काका, किल्ली तुमच्याकडे आणि तुम्ही दुपारी ऑफिसात. टँकर आला की कुलूप तोडतील नायतर उघडंच ठेवतील. झाकण उघडं राहणारच! मग उघडं असताना काय करायचं ते बोला ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढीशी पोर, आणि चारचौघांत मला बिनकामाचं ठरवते!

खिडक्यांच्या ग्रिल बसवणारा लुईस त्या दिवशी उत्तनहून आला होता. तो म्हणाला, "झाकनाच्या खाली जाली बसवू. टाकीलाच पक्की. टँकरचा पाइप जाईल, पोर न्हाय जानार."

झालं! सगळ्यांच्या तोंडी ती जाळी. दुसऱ्या रविवारी पुठ्ठा, काडेपेटीच्या काड्या, खळ घेऊन बसले. तिचं भोक केवढं ठेवायचं, तिला रंग कोणता द्यायचा, यावर तास तास चर्चा. मला कधी कोणी विचारलं होतं का रे रंग? अजून जन्मलीही नव्हती ती, आणि तिचं कौतुक बघून माझा जीव जळत होता.

तेवढ्यात बायकांनी हट्ट धरला. पाणी चढवायचा पंप बंद पडला की त्या टाकीत बादली सोडून पाणी काढत. "भोक बादलीएवढं हवं," त्या म्हणाल्या. सगळ्यांना पटलं. पुठ्ठा तसा कापला गेला.

मित्रांनो, मला मात्र आठवलं. पिंटूची आई त्याला ओट्यावर बादलीत बसवून आंघोळ घालायची. बादली जाईल तिथून पिंटूही जाईल! हे एकालाही सुचलं नाही आणि मला आनंद झाला. होय, आनंद. फजिती होऊ दे त्या जाळीची, मग येतील मला शरण, असं मी घोकत बसलो. अख्खा आठवडा.

तिसऱ्या रविवारी पुठ्ठ्याची जाळी दोन स्टुलांवर ठेवली. कोणी काही म्हणायच्या आत पिंटू स्टुलावर चढला, भोकात पाय सोडले आणि सर्रकन खाली उतरला. फक्त दोन हात वर राहिले. त्याला गंमत वाटली, तो खिदळला. बाकी कोणी हसलं नाही. त्याच्या आईने तोंडावर पदर धरला.

त्या वर राहिलेल्या दोन हातांकडे बघून मला माझीच शिसारी आली. जाळीची फजिती म्हणजे हे, एवढं साधं मला कळलं नव्हतं. मी पिंटूच्या बुडण्याचीच वाट बघत होतो की!

बायकांनी आपणहून बादलीचा हट्ट सोडला. कडेला हातपंप बसवायचं ठरलं. भोक पाइपापुरतंच ठेवलं आणि लुईसने लोखंडी जाळी टाकीच्या तोंडात पक्की केली. रंग पिवळा. शेजारच्या सोसायट्यांची माणसं तिला बघायला येत आणि मला दोघं धरून बाजूला सारत. खोटं कशाला बोलू, मी पुन्हा जळलो. शिसारी आली म्हणून स्वभाव थोडाच जातो?

अशी सात वर्षं गेली. टँकर येत राहिला, माणसं मला उघडं टाकत राहिली. ममताने सांगितलं होतं अगदी तसंच. परवाच्या दुपारी तळमजल्यावरचं एक रांगतं बाळ उघड्या टाकीवर गेलं. मी भिंतीशी, पुन्हा चार हातांवर. बाळ जाळीवर बसलं, खालचं पाणी बघून त्याने टाळ्या वाजवल्या. जाळी हललीसुद्धा नाही.

सोळा वर्षांची ममता जिन्यातून धावत आली आणि तिने बाळाला उचलून त्याच्या आईकडे दिलं. मग मागे वळून हाक मारली, "पिंट्या, इकडे ये! ही लोकं झाकण परत तसंच टाकून गेलीत."

दहा वर्षांचा पिंटू आला. "जाळी आहे ना खाली?"

"जाळी आहे म्हणून उघडं ठेवायचं? धर तिकडून."

दोघांनी मला ओढत ओढत जागेवर आणलं. तुटक्या कडीने पिंटूची बोटं लाल झाली. खाली ती पिवळी जाळी होती, बाळाच्या ओल्या लंगोटाचा डाग अजून तिच्यावर होता. मी तिच्यावर टेकलो आणि जन्मात पहिल्यांदा तिला म्हणालो, "बाई गं, आज तू होतीस म्हणून."

मित्रांनो, माणूस विसरणार हे धरूनच जाळी बसवा. पण ती बसवली म्हणून मला उघडं टाकू नका. मी जड आहे, ठाऊक आहे मला. कोणाला तरी हाक मारा, दुसरी बाजू धरायला.