दुसऱ्याच्या आईचा हापसा

संगमरवराचा नमुना लूलवाच्या तळहातावर होता, खडूच्या पेटीएवढा, एक कड घासायची राहिलेला — देणगी द्यायला आलेल्या अबू मिशारींनी तो केव्हाच बाजूला सारला होता. त्यांना याहून मोठा दगड हवा होता, अक्षरं सोनेरी, आणि फोटोत हापशाच्या आधी त्यांच्या आईचं नाव दिसायला हवं होतं. कुवेतच्या या संस्थेत देणग्यांच्या टेबलाशी बसून लूलवाला नऊ वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाला पुण्य लागावं म्हणून लोक दूरच्या गरीब गावांत त्याच्या नावाचा हापसा बसवत; शहरातल्या श्रीमंतांच्या मेलेल्या आया तिला नावानिशी पाठ होत्या... पडद्याचं कापड निवडावं तशी ही माणसं गाव निवडत — इथली पोरं हसरी आहेत, तिथं झाडं नाहीत, फोटो उजाड येईल. किळस यायची तिला.

आज अबू मिशारींनी आफ्रिकेतल्या नायजरमधल्या ज्या गावावर बोट ठेवलं, तिथं हापसा होताच. फक्त आतलं रबर झिजलं होतं. चार महिने बायका दोन तास चालून डबक्यातलं पाणी आणत होत्या, ते पिऊन मुलं आजारी पडत होती. गावच्या मास्तरांचं पत्र तिच्या खणात होतं. तिनं ते सांगितलं. दुरुस्ती आठवड्यात होईल, नव्याला आठ महिने लागतील, हेही सांगितलं.

अबू मिशारींनी खजुराची बी बशीत ठेवली. "म्हणजे दुसऱ्याच्या आईचा हापसा मी दुरुस्त करू? खर्च माझा आणि पुण्य तिला? वा, उम्म तलाल." तलालची आई — मुलाच्या नावानंच लूलवाला सगळे हाक मारत.

त्या तृप्त, अत्तर लावलेल्या दाढीची तिला शिसारी आली.

"आणि त्या बाईची माणसं काय झोपलीत? कुणाचं नाव आहे त्यावर?"

पत्रासोबत फोटो होता. दगडावर धूळ, तरी नाव वाचता येत होतं — सबीका बिन्त सालेम. माझी आई, लूलवाच्या मनात आलं. बांगड्या मोडून मी तो हापसा दिला, फोटो दिवाणखान्यात लावला, आणि आता गेलेल्या नवऱ्याच्या नावाच्या हापशासाठी पैसे साठवते आहे — त्यातून रबर केव्हाच आलं असतं. पण दुरुस्तीवर नाव घालत नाहीत... म्हणून चार महिने येईल त्याच्यापुढे हे पत्र ठेवत राहिले.

"असेल कुणाचं तरी," लूलवा म्हणाली.

मग तिनं अर्ज ओढला आणि दगडाचं माप विचारलं. दोन हात, ते म्हणाले. तिनं लिहिलं. आईच्या हापशावरचा दगड एकच हात होता... दोन्ही शेजारीशेजारी उभे राहिले तर आईचा लहान दिसेल, हे तिच्या मनात आलं, पाण्याच्या विचाराआधी आलं. नेहमीच्या किळसेची ती वाट पाहत राहिली. ती आली, पण या वेळी टेबलापलीकडे जाईना.