हिरवा ठिपका

डोळ्यात दोन थेंब. मग पापणी मिटायची आणि माणसाला पुन्हा पालथं करायचं.

खराडीच्या सोसायटीत सकाळी टँकर येतो. त्याचा पाइप जोडताना जे पाणी सांडतं, त्यावर कबुतरं उतरतात.

मोसंबीचं झाड तहानलं की आधी फळं सोडतं. मग पानं सोडतं. स्वतःला सगळ्यात शेवटी.

रक्षा नदीत सोडायची नाही, असं यमुनाबाईंनी मरायच्या आधीच बजावून ठेवलं होतं. नदीत पाणी कुठंय, म्हणाल्या होत्या.

ओलावा: पुरेसा. व्हॉल्व्ह: बंद.

*

"हलू नका अण्णा. सांडलं बघा गालावर."

नम्रताने ओघळलेला थेंब कापसाने टिपला आणि वडिलांना कूस बदलायला हात दिला. उत्तरेश्वरअण्णा कण्हत पालथे झाले. पलंगाच्या कडेला दोन उशा मांडून मध्ये फट ठेवली होती. त्या फटीत त्यांनी तोंड घातलं.

उजव्या डोळ्याचा पडदा सरकला होता. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडला होता. बुडबुड्याने पडदा दाबून धरायचा, तर माणसाने तोंड खाली करून पडायला हवं. नंतरही बरेच दिवस ऊन नको, धूळ नको. शेताचं नाव काढायचं नाही.

"काय दिसतं खाली?" आनंदने ऑफिसची बॅग भरता भरता सासऱ्यांना विचारलं.

"फरशी. एवढ्या जागंत एक भेग नाही, जावईबापू."

"दम धरा. बिल्डर पुण्याचा आहे, पडतील."

अण्णांची पाठ हसण्याने हलली. मग उशांच्या फटीतून नेहमीचा प्रश्न आला.

"बागंचं कसंय?"

नम्रताने फोन उघडून बघितलं. हिरवा ठिपका.

"जमीन ओली आहे अण्णा."

"ओली? या दिवसांत?"

"सेन्सर दाखवतोय. शेततळंही फार उतरलेलं नाही."

अण्णांच्या पायाचा अंगठा चादरीवर घासत राहिला, ढेकूळ फोडून बघावं तसा.

"मग बरंय," ते म्हणाले. "कचरू आंब्याला कळशी घालतो ना?"

"घालतो म्हणाला."

*

बीडच्या बाजूचं मुरमाड रान. गेल्या वर्षीचा सगळा पाऊस सप्टेंबरातल्या दोन-तीन दुपारींत कोसळला, बांध फोडून निघून गेला, आणि परत आला नाही. शेततळ्यात अडलं तेवढंच पाणी. त्यावर मोसंबीची बाग पुढच्या पावसापर्यंत न्यायची. पुढचा पाऊस जूनचा की जुलैचा, हे आता कुणी छातीठोकपणे सांगत नाही. फेब्रुवारीतच वैशाखासारखं तापायला लागलं होतं.

सेन्सर नम्रतानेच बसवून घेतला होता. हातभर लांबीची काठी, जमिनीत रोवायची. जमीन वाळली की मोटर आपोआप सुरू, ठिबकने बागेला पाणी. जमीन भिजली की बंद. एक थेंब वाया जायचा नाही. अण्णांनी काठी रोवू दिली, पण गावी असेपर्यंत कॉक स्वतःच्याच हाताने फिरवला. "तू ठिपका बघ, मी झाड बघतो," म्हणायचे.

पुण्याला निघताना झाड कचरूच्या नजरेवर सोडणं त्यांना पटत नव्हतं. कचरू भावकीतला, मनाने सरळ, पण शेततळं म्हणजे त्याला समुद्र वाटायचा. सोडलं की सोडलं. तेव्हा नम्रता म्हणाली होती, "मी आहे ना अण्णा. मला इथून सगळं दिसतं."

तिने यंत्रणा 'स्वयंचलित'वर टाकली आणि कचरूला फोन केला. "कचरूकाका, स्टार्टरला अजिबात हात लावायचा नाही. गोंधळ होतो."

"न्हाय लावत, ताई."

ओलावा: पुरेसा. व्हॉल्व्ह: बंद.

*

रोज सकाळी आलेखाची रेघ जराशी वर उचलायची आणि दिवसभर हळूहळू उतरायची. हिरवी ती हिरवीच राहायची.

"दव पडतं वाटतं तुमच्याकडे," आनंद तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला. "बीड म्हणजे महाबळेश्वरच की."

नम्रता हसली. मीटिंग चालू असताना, लिफ्टमध्ये, कॅन्टीनच्या रांगेत ती तो ठिपका उघडून बघायची. का कोण जाणे, बघितलं की बरं वाटायचं.

कचरूने एकदा फोन केला होता.

"ताई, झाडं वाळल्यागत दिसतेत. पानं गोळा व्हायलीत."

"दुपारी बघितलीत ना? उन्हाने होतं तसं. इकडे सगळं नॉर्मल दाखवतंय."

"आसंल. पर फळ बी गळतंय थोडं."

"थोडी गळ तर दर वर्षीच होते काका. आणि हे बघा, अण्णांना यातलं काही बोलू नका. टेन्शन घेतील. डोळ्याला चालायचं नाही."

"न्हाय बोलत."

आणि तो बोलला नाही. अण्णा स्पीकरवर विचारायचे, कचरू सांगायचा, "बरं हाय अण्णा. ताईचं ध्यान हाय." दोघांचाही शिकलेल्या पोरीवर विश्वास होता.

*

मार्च निम्मा सरला तेव्हा कचरू पुतणीच्या लग्नाला पैठणकडे गेला.

त्याच्यामागे ठिपका पिवळा झाला. मग लाल. मोटर आपोआप सुरू झाल्याचा निरोप आला, तेव्हा नम्रता मीटिंगमध्ये होती. तिने टेबलाखाली फोन धरून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. बरोबर चालतंय. गरज पडली, पाणी सुटलं.

संध्याकाळी ठिपका लालच होता.

सकाळीही. मोटर वीज असेल तेव्हा चालत होती, पाणी जात होतं आणि जमीन भिजत नव्हती. कुठे गळती असेल, पाइप फुटला असेल. शेततळ्याची पातळी डोळ्यांदेखत खाली येत होती. तिने मोटर बंद केली. अण्णांना काही सांगितलं नाही. कचरूचा फोन लागेना.

तो परतला त्या सकाळी ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. खाली टँकरवाला पाइप जोडत होता.

"कचरूकाका, पाइप बघा आधी कुठे फुटलाय. पाणी जातंय आणि जमीन कोरडीच दाखवतेय."

"फुटला न्हाय ताई. बागंत चिखल झालाय की. आता चिखल होऊन काय उपेग म्हना."

"मग काठी का भिजत नाही?"

"काठी?" कचरू थांबला. "काठी बागंत कुठंय ताई?"

"म्हणजे?"

"काठी वैनीपाशी हाय की. आंब्यापाशी."

बांधाच्या कोपऱ्यात खड्डा करून नम्रताच्या आईची, यमुनाबाईंची, रक्षा त्यात घातली होती आणि वर केशर आंब्याचं रोप लावलं होतं. पाच कोस चालून कोरड्या नदीत राख टाकण्यापेक्षा झाड बरं, असं आता त्या भागात बरेच जण करत. ठिबकची नळी त्या कोपऱ्यापर्यंत जात नव्हती. रोज सकाळी एक कळशी हाताने घालावी लागे.

"तिथे कुणी नेली?"

"अण्णानंच. वर्षश्राद्धाला. पानं वाढली, मंडळी जेवून गेली, मग उपटली बागंतनं आन् तिकडं रोवली. म्या म्हनलं, आसं कामून? तर म्हनले, बागंचं मी बघतो. पोरीच्या फोनात तिची माय ऱ्हाऊ दे." कचरू जरा घुटमळला. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

नम्रताने कठडा धरला.

"बाग कशी आहे, काका?"

"काय सांगू. फळ समदं खाली हाय. पानं गळतेत आता. बांधाकडच्या वळीला तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "थांबा, आंबा सुकलाय दोन-तीन दिसांचा. आधी त्याला पानी घालतो."

फोन त्याने खिशात टाकला असावा. चपलांचा आवाज आला. कळशी बुडल्याचा. मग धार पडल्याचा, बराच वेळ.

ठिपका पिवळा झाला. मग हिरवा.

ओलावा: पुरेसा. व्हॉल्व्ह: बंद.

*

"कोण? कचरू का?" आतून आवाज आला.

"हो."

"आला का लग्नावरनं?"

"आला."

"काय म्हणतोय?"

नम्रता खोलीत गेली. पालथ्या पडलेल्या माणसाशी बोलायचं, तर त्याच्या पाठीशी बोलावं लागतं. गेले कितीतरी दिवस ती तशीच बोलत होती. आज ती फरशीवर बसली, मग आडवी झाली आणि डोकं सरकवत उशांच्या फटीखाली आली. वर अण्णांचा चेहरा होता. एक डोळा लाल, सुजलेला. दुसरा चांगला. चांगल्या डोळ्याने ते तिच्याकडे बघत राहिले.

"काठी आईपाशी आहे," ती म्हणाली.

"व्हय."

"मी त्या काठीच्या भरवशावरच बागेला पाणी देत होते अण्णा. तेवढ्यावरच."

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त चादरीवर घासणारा अंगठा थांबला.

"मला वाटलं तुला वरनं दिसतं," ते म्हणाले. "समदं."

मग त्यांनी एकेक विचारलं.

"फळ?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

"पानं?"

खाली टँकरची मोटर सुरू झाली. नम्रताने डोळे मिटून घेतले.

तिसरा प्रश्न अण्णांनी विचारला नाही.

"कळशी घातली का त्यानं?" ते म्हणाले.

"आत्ताच घातली."

यमुनाबाईंच्या वर्षश्राद्धाला नम्रता गेली नव्हती. त्या आठवड्यात ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती.