मोठ्याने दिलेलं मत

अमेरिकेतल्या आमच्या व्हर्जिनिया राज्यात मत गावासमोर मोठ्याने सांगावं लागे. गुलामी टिकवण्यासाठी देशातून फुटायचं का, एवढाच सवाल होता.

माझा नवरा ल्यूथर 'नाही' म्हणणार होता. बाळाला पाजता पाजता मी विनवलं, “बाबांसमोर नको रे! ते नातवाचं तोंडही बघणार नाहीत.”

“सासऱ्याच्या रविवारच्या जेवणासाठी देश मोडू? आणि कझाया?”

कझाया आमची गुलाम. तिची लेक बाबांनी विकली होती.

“तुझ्या मताने तिची लेक परत येणारे का?” मी म्हटलं.

मतदानाच्या दिवशी गावासमोर तो फुटण्याला 'हो' म्हणाला. बाबांनी त्याला मिठी मारली.

महिन्याभरात तो त्याच फुटीच्या लढाईवर निघाला. मी हुंदके देऊ लागले, तेव्हा कझायाने माझ्याकडून बाळ घेतलं.

“रडा बाईसाहेब,” ती म्हणाली. “मला रडूही दिलं नव्हतं.”