आईच्या तोंडचा घास

आलासी माझ्या बहिणीची नात, जेमतेम विशीची. तरी मी तिला आई म्हणतो. इथे बर्फाळ उत्तरेत, आमच्यात, गेलेल्या माणसाचं नाव नव्या जिवाला देतात आणि नावाबरोबर त्याची नातीही देतात. तिला माझ्या आईचं नाव मिळालं आणि मला पन्नाशीत पुन्हा आई मिळाली.

ती आता गरोदर आहे. काल दवाखान्यातल्या नर्सने मला बोलावलं. तिचं बोलणं गावातल्या म्हाताऱ्यांना आमच्या भाषेत मीच करून सांगतो. तिने सांगितलं, आलासीच्या रक्तात ती रसायनं फार आहेत, दक्षिणेकडच्या कारखान्यांतून वाऱ्यापाण्याबरोबर इथवर येऊन प्राण्यांच्या चरबीत साठणारी. मूल होईपर्यंत तिने देवमाशाची चरबी टाळायला हवी.

"आम्ही सांगून थकलो," नर्स म्हणाली. "तुमचं ऐकेल."

आईने काय खावं हे मुलाने सांगायचं? आज सकाळपासून मी चहा ओतत होतो आणि पीत नव्हतो. तेवढ्यात गावच्या रेडिओवर बातमी आली, आलासीच्या नवऱ्याला, मार्कुसीला, पांढरा देवमासा मिळाला. सगळं गाव किनाऱ्यावर धावलं. मीही गेलो.

आलासी दगडावर बसली होती. कापलेला पहिला तुकडा तिच्या हातात होता.

"ये बाळा," ती म्हणाली. "किती वाळलास. पुस्तकं चावून पोट भरतं का?"

"सावत्र बापाने मारलाय, लेका," मार्कुसी हसला. "लाजू नको, खा."

"आई, तू ते खाऊ नकोस."

माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. आजूबाजूच्या सुऱ्या थांबल्या. मग मी सांगितलं, तेही धड नाही. कारखान्यांपासून सुरुवात केली, वाऱ्यात भरकटलो, पोटातल्या मुलापर्यंत शेवटी पोचलो.

"हे नर्सनेही सांगितलंय," आलासी म्हणाली. "माझ्या आजीने हेच खाल्लं. तिच्या आजीनेही."

"तेव्हा यात हे नव्हतं."

तिने तुकडा उजेडाकडे धरला. "दिसत तर नाही काही."

"दिसत नाहीच."

"आईच्या तोंडचा घास काढतोयस. मग मी खाऊ काय? दुकानातली गोठलेली कोंबडी?"

"मी तांबडा मासा आणतो. नदीच्या मुखाशी येतो तो."

"हा आणणार?" मार्कुसी म्हणाला. "याच्या जाळ्यात याचाच पाय अडकतो."

लोक हसले. आलासी हसली नाही. तिने तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "खा. टाकायचा नाही." तिच्यासमोर मी तो खाल्ला. चव नेहमीसारखीच होती, उत्तम.

मार्कुसीचं जाळं मागून घेऊन मी नदीच्या मुखाशी गेलो. गुडघाभर पाण्यात पाय बधिर झाले. जाळं उचलावं तर शेवाळ. घरी तिने चरबी खाल्ली तर? या माशातही ते असेल तर? कमी असतं, असं नर्स म्हणाली होती. किती कमी, हे मी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळकडे एक मासा अडकला. आलासी पोट सावरत किनाऱ्याने आली, बसली, आणि मासा चिरून तिने पहिला घास कच्चाच तोंडात घातला. मग थांबली.

"यात नाही ना ते?"

"कमी आहे."

"कमी म्हणजे किती?"

घास गालात धरून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हळूहळू चावू लागली.

"एकाने काय भागतंय बाळा," ती म्हणाली. "दोघं आहोत आम्ही."

मी पुन्हा पाण्यात उतरलो.