नावेवरचा विस्तव

मनीषाच्या थोरल्याचं जावळ काढलं, त्याच साली रामलिंगानं उरलेल्या मेंढ्या विकल्या आणि म्हाळसेला घेऊन कारंजाच्या धरणात नावेवर राहायला गेला. मनीषा ही त्यांची एकुलती लेक, नौबादला दिलेली. आई-बाप आता आपल्याजवळ येतील असं तिला वाटलं होतं. पण मासळीच्या ठेकेदाराला जाळी राखायला माणूस हवा होता, आणि रामलिंगाला चार भिंतींत झोप लागत नव्हती. म्हाळसेला कुणी विचारलं नाही.

नाव पत्र्याची, चपटी. वर बांबूंवर ताडपत्री टाकलेली. उजाडायच्या आधी उठून म्हाळसा तळातलं पाणी उपसायची. रात्रीतून ते कुठूनतरी झिरपायचंच. मग नावेला बांधलेल्या तराफ्यावर बसून काठावर जाऊन यायचं, कारण बाईमाणसाला नावेवर आडोसा नव्हता. वाळू भरलेल्या घमेल्यात तीन दगड मांडून चूल केलेली. तिच्यात तुरीच्या वाळक्या तुराट्या सारायच्या आणि वाऱ्याकडं पाठ करून भाकरी थापायची. जाळ एका बाजूला झुकला की भाकरी एका कडेला करपायची, दुसरीकडं कच्ची राहायची. धुतलेलं लुगडं दोरीला गाठ मारून वाळवायचं, कोंबडीच्या पायाला सुतळी बांधायची, आणि प्यायचं पाणी गावातल्या हापशावरून कॅनमध्ये आणायचं. पाण्यावर राहून पाणी आणायला जावं लागतं, याचा तिला पहिल्या दिवसापासून राग होता.

पण खरा राग वेगळा होता. मेंढपाळी करून करून रामलिंगाला एका जागी फार दिवस बसवायचं नाही. आता मेंढ्या नव्हत्या, तर तो नाव हलवायचा. संध्याकाळी नांगर म्हणून टाकलेला दोराचा दगड ओढून वर घ्यायचा आणि जाळ्यांच्या या कडेची नाव त्या कडेला न्यायचा. जुन्या चालत्या बिऱ्हाडात असं होत नव्हतं. तिथं घोड्यावर सामान लादलेलं असलं, मेंढ्या वाटेला लागलेल्या असल्या, तरी घरची बाई चुलीतला विस्तव मडक्यात उचलेपर्यंत कुणी पाऊल टाकत नसे. म्हाळसेची सासूही मनात नसलं की तासभर विस्तव उचलायची नाही, आणि सासऱ्याला गप बसून राहावं लागायचं. नावेवर मात्र चूल घमेल्यातच होती. नाव हलली की विस्तवही आपोआप हलायचा. म्हाळसेला विचारायचं कामच उरलं नव्हतं.

मार्गशीर्षात मुडबीहून बहिणीच्या पोराचा, बालाजीचा फोन आला. गंगम्माचं अंग सुजलं होतं, डॉक्टरनं घरी न्या म्हटलं होतं. गंगम्मा म्हाळसेची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच म्हाळसेला कडेवर घेऊन वाढवलं होतं. म्हाळसा त्याच दिवशी निघत होती, पण बालाजी म्हणाला, आज बरी हाय, दोन घास खाल्ली, कमी-जास्त झालं तर मी गाडी घेऊन येतो. धरणावर रेंज फक्त काठावरल्या एका बाभळीखाली लागायची, आणि बालाजीलाही तीच जागा ठाऊक होती. म्हाळसेनं नाव बाभळीला बांधायला लावली.

"अक्काचा सांगावा येईतवर नाव हितनं हलवायची न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई हलवत," रामलिंग म्हणाला.

मग येळवस आली. त्या अमावास्येला त्या भागात सगळं गाव शेतात जेवतं. पलीकडल्या काठावर श्रीपतरावाचं रान. दरसाल त्याच्या रानात खतासाठी रामलिंगाच्या मेंढ्या बसायच्या, म्हणून येळवशीला त्याचं बोलावणं असायचं. यंदा मेंढ्या नव्हत्या, तरी आलं. रामलिंगानं ठेवणीतला पटका काढला.

"तुमी तराफ्यावर जावा," म्हाळसा म्हणाली. "मी आन् नाव हितंच."

"एवढ्या वाऱ्यात तराफा पोचतोय व्हय? दिस बुडायच्या आत माघारी येऊ की."

ती डबा घेऊन पाणी उपसायला वाकली. तिला वाटलं, आपण एकदा सांगितलंय, आता हा ऐकेल. पाठीमागं बाभळीचा दोर सुटल्याचा आवाज आला. घरच उचलून नेलं तर बाईनं राहायचं कुठं, हे तिच्या मनात आलं, आणि डबा तिनं इतक्या जोरात आपटला की त्याची कड वाकली.

श्रीपतरावाच्या शेतात कडब्याची कोप, लहानशी खोपी, उभारली होती. अंबील होती, मिसळ भाज्यांची भज्जी होती. श्रीपतराव हसून म्हणाला, "रामलिंगा, औंदा मेंढ्या न्हाईत, तर मासे तरी बसव माझ्या रानात." रामलिंग पोट धरून हसला. असं हसताना म्हाळसेनं त्याला कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि त्यानं तिचा राग वाढलाच. दुपारनंतर वारं आणखी चढलं, धरणात लाटा उठल्या. ती एकटीच तराफा घेऊन निघाली, तर श्रीपतरावाच्या बायकोनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. रात्र तिथंच काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव बाभळीला लागली. काठावर मोटारसायकलच्या चाकांची रेघ होती. फोन वाजायला लागला तो थांबेना.

"मावशी, काल दुपारी आलतो मी," बालाजी म्हणाला. "घसा बसला हाका मारून. अम्मा तुझंच नाव घ्यायली म्हणून घेऊन जायला आलतो. अंधार पडल्यावर माघारी गेलो. आज सकाळी माती दिली."

रामलिंगानं विचारलं, काय झालं. तळात पाणी साचलं होतं, ते तिच्या घोट्याला लागलं, पण तिनं डबा हातात घेतला नाही. तो बघत राहिला, मग स्वतः वाकून उपसायला लागला. म्हाळसेनं घमेल्यातले निखारे मडक्यात भरले, मडकं पदरानं धरलं आणि काठावर उतरली. बाभळीखाली तीन दगड मांडले. त्यात निखारे ओतले, वर तुराट्या ठेवल्या आणि फुंकर घातली.

"म्हाळसे, चूल कामून उतरवलीस?"

"अक्का गेली. बालाजी न्यायला यायलाय, मी तिसऱ्याला जायलेय," ती जाळाकडं बघत म्हणाली. "तुमची नाव कुठंबी न्या. विस्तव हितनं मी उचलल्याबिगर हलायचा न्हाई. मी येईतवर तुमी राखायचा. इझला तर मी नौबादला लेकीकडं जाईन, ह्या पाण्यावर पाय ठेवायची न्हाई."

बालाजीच्या गाडीवर बसताना तिनं मागं वळून बघितलं नाही. रामलिंगानं नाव बाभळीला बांधली, एक गाठ मारली, तिच्यावर आणखी एक मारली. मग पटका काढून ठेवला आणि चुलीपुढं बसून एकेक तुराटी आत सारू लागला.

गंगम्मा येळवशीच्या दिवशी, दिवेलागणीला, मुडबीत वारली.