पित्ताचे सतरा खडे

उज्वलाचं वजन हा कुटे घराण्यात वीस वर्षं सार्वजनिक विषय होता. पाऊसपाणी झालं, द्राक्षाचा भाव झाला, की माणसं आपसूक तिच्याकडे वळायची. लग्नाच्या मांडवात कुणी आत्याबाई म्हणाल्या होत्या, "नवरीच्या हाराला नवरदेवाच्या दीडपट झेंडू लागला गं," आणि ते वाक्य सासरच्या गावी, सायखेड्यात, अजून ताजं होतं. ज्यांना ते ऐकायला मिळालं नव्हतं, त्यांनाही ते पाठ होतं.

तिनं काय केलं नव्हतं? दुधी भोपळ्याचा रस प्यायली. गहू सोडला, भात सोडला, एका उन्हाळ्यात तर आंबाही सोडला. नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तिच्या इतक्या फेऱ्या झाल्या, की तिथला वॉचमन एखाद दिवशी ती आली नाही तर चौकशी करायचा. चार किलो उतरायचे आणि दिवाळीला सहा परत यायचे.

त्रेचाळिसाव्या वर्षी काटा एकशे चौदावर गेला. साखर गोळ्यांना दाद देईना. शाळेच्या ऑफिसात ती हेडक्लार्क होती, आणि दुपारी रजिस्टरवर पेन टेकवल्या टेकवल्या तिला डुलकी लागायची. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि खुर्ची पुढे ओढली.

"झोपेत तुमचा श्वास मध्येमध्ये थांबतोय, मॅडम. पथ्याचे प्रयोग खूप झाले. आता बेरिअ‍ॅट्रिक ऑपरेशनचा विचार करा. जठराचा मोठा भाग काढून टाकतो. राहतं ते केळ्याएवढं."

तिच्या नवऱ्याचं, महेशचं, दिंडोरी रोडला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. त्याला कुठलीही गोष्ट पाइपातून गेल्याशिवाय कळत नसे.

"म्हणजे दोन इंची लाइनला अर्ध्या इंचाचा रिड्यूसर," तो म्हणाला.

"साधारण तसंच. फक्त हा रिड्यूसर परत काढता येत नाही."

उज्वला तयार झाली, पण एका अटीवर. "सायखेड्यात कळता कामा नये."

"अगं, निदान आईला तरी..."

"आईंना तर मुळीच नाही. आईंना कळलं की गिरणीवर कळलं, आणि गिरणीवर कळलं की बाजारात कळलं. वीस वर्षं माझ्या खाण्यावर बोलले, आता माझ्या पोटावर बोलतील. नको."

मग पोटाला पाच बारीक छिद्रं पाडून करायचं आणि लोकांना निमूट पटेल असं दुसरं ऑपरेशन शोधणं आलं. ते महेशनं शोधलं. पित्ताचे खडे. स्वतःच्या कल्पनेवर तो इतका खूश झाला, की दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्यानं दोघांना फोन करून सांगूनही टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर आठव्या दिवशी सासूबाई बयाबाई आणि धाकटी जाऊ शुभांगी सायखेड्याहून आल्या. बरोबर डिंकाचे लाडू, साजूक तूप आणि एवढ्या मोठ्या डब्यात शिरा. उज्वला तेव्हा औषधाच्या टोपणातून घोट घोट वरणाचं पाणी पीत होती.

"दाखव की मग," बयाबाई टेकत म्हणाल्या.

"काय दाखवू, आई?"

"खडे. रंगनाथच्या बायकोचे काढले तवा डागदरनं बाटलीत घालून दिलते. लय दिवस शोकेसात व्हते."

उज्वलानं महेशकडे पाहिलं. महेशनं पंख्याकडे पाहिलं.

"दवाखान्यात राहिलेत," तो म्हणाला. "उद्या आणतो."

आणि खरंच आणले. ठिबकच्या सँड फिल्टरमध्ये बारीक खडी असते. त्यातली सतरा त्यानं निवडून काढली, आयोडिनमध्ये भिजवली, वाळवली आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरली. बयाबाईंनी बाटली खिडकीशी धरली, कानाशी हलवली.

"अगं बया! सतरा! रंगनाथच्या बायकोचे नऊच व्हते." त्यांचा चेहरा अभिमानानं फुलला. कुटे घराण्यात उज्वलाचा पहिल्यांदाच कशात तरी पहिला नंबर आला होता. जाताना त्या बाटली पदरात बांधूनच घेऊन गेल्या.

शिरा आणि लाडू सृष्टीनं संपवले. तेरावीतली ही लेक म्हणजे गुपित ठाऊक असलेली घरातली तिसरी. "मम्मी, तुझं ऑपरेशन झालं आणि माझं वजन वाढलं," ती कुरकुरली.

पुढचे महिने सोपे नव्हते, आणि त्यातलं काहीच कुणाला सांगता येत नव्हतं. एक घास जास्त झाला की छातीत दगड बसायचा आणि बेसिनपर्यंत पळावं लागायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतर अर्धा तास नाही. शाळेत डबा उघडला की तिच्या दोन चमचे पिठल्याकडे सगळ्या बाया बघायच्या, म्हणून ती डबा ऑफिसच्या स्टोअररूममध्ये, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे उभ्यानं खायची. चौथ्या महिन्यात केस कंगव्यात पुंजक्यांनी यायला लागले. एका रविवारी तिनं हौसेनं बाजरीची भाकरी आणि ठेचा केला, चतकोर भाकरी खाल्ली, आणि पुढचा तुकडा आत जाईना. भूक नव्हतीच, पण जेवणाशी असलेली वर्षानुवर्षांची सोबत तुटली होती. ताटासमोर बसून ती ढसाढसा रडली. महेशला काय करावं ते कळेना. त्यानं ती उरलेली भाकरी खाऊन टाकली.

पण मग एक दिवस ती सँडलचा पट्टा लावायला वाकली, लावला आणि उभी राहिली. श्वास न कोंडता. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. शाळेचे तीन जिने ती न थांबता चढली आणि वर पोचल्यावर उगाचच पुन्हा एकदा खाली जाऊन आली.

सातव्या महिन्यात काटा शहात्तरवर आला, आणि लोकांना उज्वलाची काळजी वाटू लागली. "किती उतरलीस! आता बास हं," ज्या बाईनं आयुष्यभर तिचा दुसऱ्यांदा वाढलेला भात मोजला होता, तीच म्हणाली. ऑफिसातल्या मॅडमनी दार लोटून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" रंगनाथकाकांनी महेशला बाजूला घेतलं. "रिपोर्ट नीट बघितले का रे? मुंबईला दाखव एकदा." जाड होती तोवर ती आळशी होती. आता ती बहुधा मरणार होती. धडधाकट असण्याची सोय या माणसांनी तिच्यासाठी कुठेच ठेवली नव्हती.

शेवटी ओझरच्या एका लग्नात, पंगतीतच, महेशनं विषयाचा निकाल लावला.

"अहो, पित्ताशय काढलं की वजन उतरतंच. चरबी धरून कोण ठेवतं? पित्त! धरणाराच गेला, मग चरबी राहील कशी?"

पाइप विकणारा माणूस बोलला की समोरच्याला पटतंच. पंगतीतल्या चार जणी हातातली जिलबी ताटात ठेवून ऐकू लागल्या.

"अहो, कशाला?" घरी येताना उज्वला म्हणाली.

"पटलं ना सगळ्यांना?"

पटलं होतं, हे खरं. नको तितकं पटलं होतं.

पंधरा दिवसांनी सोमवारी दुपारी शुभांगीचा फोन आला. आवाजात लग्न ठरल्याचा आनंद. "ताई, माझीपण तारीख मिळाली!"

"कसली?"

"पित्ताशयाची! गुरुवारी सकाळी. सोनोग्राफीत दोन खडे निघाले. पहिले डॉक्टर म्हणाले, त्रास नाही तर राहू द्या. मी म्हटलं वा, असं कसं? दुसऱ्यांकडे गेले आणि सांगितलं, रोज जेवल्यावर कळा येतात. लगेच हो म्हणाले." मग जरा काळजीनं, "तुमचे सतरा होते ना, तेव्हा अडतीस किलो गेले. माझे दोनच आहेत. पंधरा तरी जातील ना हो?"

उज्वलानं फोन ठेवला. संध्याकाळी तिनं महेशला सांगितलं.

"अरे बापरे," महेश म्हणाला. मग विचार करून, "सांग ना तिला, की नव्या संशोधनात..."

"अजून एक खोटं?"

"मग होऊ दे. पित्ताशय काय, नसलं तरी माणसाचं चालतं."

"हो का? मग तुमचं काढू या. शुभांगीच्या तारखेला, तिच्याच जागी." तिचा आवाज चढला तसा आतल्या खोलीतला सृष्टीचा मोबाइल गप्प झाला. "माझं गुपित माझ्या पोटापुरतं होतं, महेश. पंगतीला वाढायला मी दिलं नव्हतं."

लग्नानंतर नवऱ्याला तिनं नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ.

मंगळवारी ती रजा टाकून एसटीनं सायखेड्याला गेली. शुभांगी ओट्याशी मेथी निवडत होती. उज्वलानं पिशवी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न घेता सगळं सांगितलं: झोपेत थांबणारा श्वास, कापलेलं जठर, औषधाचं टोपण, गळलेले केस, स्टोअररूममधला डबा. शुभांगीच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हणजे पित्ताशय...?"

"जागच्या जागी आहे. उलट वजन असं भरभर उतरलं की खरेच खडे होतात म्हणे. ते होऊ नयेत म्हणून मी सहा महिने गोळी खाल्ली."

दारात सावली पडली. बयाबाई. त्या मघापासून पलीकडच्या खोलीत होत्या हे दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मंग ते सतरा?"

"ठिबकच्या फिल्टरमधली खडी, आई."

बयाबाई मटकन खाली बसल्या. "आख्ख्या गल्लीला दाखिवले मी! देवरामच्या आईनं तर हात जोडले बाटलीला." मग त्यांना दुसरंच लागलं. "मला का नाय सांगितलं? मी काय वैरीण हाय? मी बोलले आसते व्हय तुला?"

एवढी वर्षं उज्वलानं या प्रश्नाला "नाही हो आई" असंच उत्तर दिलं असतं. आज तिला ते शब्द सापडले नाहीत.

"हो, आई. वीस वर्षं बोललातच की. प्रत्येक सणाला, माझ्या ताटाकडे बघून."

शुभांगीनं मान खाली घालून भराभर मेथी खुडली. बयाबाईंनी माफी वगैरे मागितली नाही. ते त्यांच्या घडणीतच नव्हतं. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, मांडणीवरून चांदीची वाटी काढली. नातवंडांच्या उष्टावणाला वापरायची तेवढीशी वाटी. तीत मुगाची आमटी ओतली आणि उज्वलासमोर ठेवली.

"एवढी जाती का?"

"जाते."

"मंग खा. सावकाश. कोन बघत नाय."

उज्वलानं आमटी संपवली. संध्याकाळच्या एसटीत ती बसली, तोवर गिरणीवर बातमी पोचलेली होती. वाटीचा जिव्हाळा खरा होता, आणि गिरणीही खरी होती. बयाबाईंना दोन्ही एकाच दिवसात जमलं.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, "हे तर कापून बारीक होणं, मेहनत कुठाय?" रंगनाथकाकांनी आपण पहिल्या दिवशीच खडी ओळखल्याचं जाहीर केलं. शाळेतल्या एका बाईंनी तोंड वाकडं करून "सोपा मार्ग" म्हटलं, तेव्हा उज्वलानं डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "या, आठवडाभर माझं खा आणि माझ्यासारखं खा. सोपं आहे." बाई आल्या नाहीत. पण त्या दिवसापासून उज्वला स्टाफरूममध्ये बसून जेवू लागली. बोलणारे महिनाभर बोलले आणि मग कुणाच्या तरी पळून गेलेल्या मुलीकडे वळले. आपण एवढी भीती कशाची बाळगली होती, हे तिला नीटसं आठवेनाही. आठवलं की मात्र वाटायचं, बाळगली ते बरोबरच होतं.

शुभांगीनं गुरुवारची तारीख रद्द केली आणि शुक्रवारी नाशिकला हजर झाली. "ताई, मला तुमच्या डॉक्टरांकडे न्या. खरंवालं ऑपरेशन करायचंय."

उज्वलानं तिला नेलं. डॉक्टरांनी उंची मोजली, वजन केलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले.

"त्र्याहत्तर किलो. साखर नाही, प्रेशर नाही. तुम्हाला या ऑपरेशनची गरज नाही, मॅडम. थोडं चाला, गोड कमी करा. तुमचं ठीक आहे."

शुभांगी बाहेर आली ती फणफणतच. "एवढ्या लांबून आले आणि म्हणे चाला! म्हणजे मी त्यांना बारीक दिसते?"

"त्यांना तू ठीक दिसतेस."

"मग घरी का नाही दिसत?" शुभांगीनं विचारलं. रागात विचारलं, पण विचारून झाल्यावर तिचे डोळे भरून आले. मंगळसूत्राशी चाळा करत ती रस्त्याकडे बघत राहिली.

उज्वलानं रिक्षा थांबवली आणि जावेला गंगापूर रोडला मिसळ खायला घेऊन गेली. दोघींत एकच प्लेट मागवली. चार चमच्यांत उज्वलाचं झालं, बाकीची शुभांगीकडे सरकवली. शुभांगीनं आधी इकडेतिकडे पाहिलं, मग जादा पाव सांगितला. एवढ्यात तिचा मोबाइल वाजला. हात तर्रीनं माखलेले, म्हणून तिनं कोपरानंच स्पीकर लावला.

"काय म्हनला डागदर?" बयाबाईंचा आवाज अख्ख्या हॉटेलात घुमला.

शुभांगीनं उज्वलाकडे पाहिलं, घास गिळला आणि ठणकावून म्हणाली, "माझं वजन बरोबर आहे म्हणाले."



"त्येला म्हनावं," बयाबाई म्हणाल्या, "आधी काटा दुरुस्त करून घे."